ख्रिस्ती माणसानं कथा-कादंबऱ्या वाचाव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत मराठी शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. त्यामुळे उपासना संपल्यावर लोक आवारात गप्पा मारत उभे असतात तेव्हा पुस्तकांचे प्रश्न हमखास माझ्याकडे येतात. बहुतेक प्रश्न आयांचे असतात, काही तरुण संघातल्या मुलामुलींचे, आणि एखादा दबक्या आवाजात एखाद्या वडील मंडळींचा. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा लिहून काढावीत असं वाटलं.

कादंबरी वाचणं पाप आहे का?

नाही. वाईट कादंबरी वाईट रीतीनं वाचणं मात्र नुकसानीचं असू शकतं, आणि चांगली कादंबरी वाईट रीतीनं वाचणंही. म्हणून पुढचं सगळं.

कथा म्हणजे रचलेली गोष्ट, म्हणजे खोटंच की. "खोटी साक्ष देऊ नको" या आज्ञेचं काय?

खोटं बोलणारा माणूस आपलं बोलणं खरं वाटावं म्हणून धडपडतो. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही माहीत असतं की ही गोष्ट आहे. त्यात कोणी कोणाला फसवत नाही.

पवित्र शास्त्रातच बघा. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारलं, आणि वर्षभर सगळं शांत होतं. मग नाथान संदेष्टा येतो आणि एक गोष्ट सांगतो: एका गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी, आणि शेजारचा श्रीमंत तीच कापून पाहुण्याला वाढतो. दावीद संतापतो, त्या श्रीमंताला मरणदंड द्यायला निघतो. तेव्हा नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. (२ शमुवेल १२.) नाथान आला असता आणि सरळ "तू व्यभिचारी आणि खुनी आहेस" म्हणाला असता, तर राजानं काय केलं असतं? स्वतःच्या बचावाची वकिली प्रत्येकाजवळ तयार असते. मेंढीच्या गोष्टीपुढे ती वकिली चालली नाही, कारण दावीदाला कळायच्या आतच तो निकाल देऊन बसला होता.

शास्ते ९ मध्ये योथाम डोंगरावर उभा राहून झाडांची गोष्ट सांगतो: जैतून, अंजीर, द्राक्षवेल राजा व्हायला नकार देतात आणि शेवटी काटेरी झुडूप हो म्हणतं. झाडं बोलत नाहीत हे योथामाला ठाऊक होतं, ऐकणाऱ्या शखेम गावच्या लोकांनाही. आणि येशूचे दाखले तर आहेतच. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता खरा आहे, पण तो जखमी माणूस कुठल्या गावचा होता असं आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारायची गरज पडत नाही.

फिलिप्पैकरांस ४:८ म्हणतं, जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, त्याचं मनन करा. मग खून, व्यसन, व्यभिचार असलेली कादंबरी कशी चालेल?

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि तो वरवरच्या उत्तरानं मिटत नाही.

पहिली गोष्ट, त्या यादीत सर्वांत आधी "सत्य" येतं. माणूस आतून कसा आहे याचं सत्य नेहमी देखणं नसतं. दारुड्या नवऱ्याच्या घराचं खरं चित्र "शुद्ध" वाटत नाही, पण ते खरं असू शकतं. उलट सगळे गोड, सगळे सुस्वभावी, शेवटी सगळ्यांचं भलं, अशी कथा निर्मळ दिसते आणि माणसाबद्दल साफ खोटं सांगते. ख्रिस्ती शिकवणीत पाप ही खरी वस्तू आहे. ते न दाखवणारं पुस्तक आपल्या विश्वासाच्या जवळचं कसं?

दुसरी गोष्ट, पवित्र शास्त्र स्वतः या चाळणीतून कसं जाईल? शास्ते १९ मधल्या लेव्याच्या उपपत्नीची गोष्ट मी मोठ्यांच्या वर्गातही वाचताना थांबते. २ शमुवेल १३ मध्ये तामारेवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. लोट आणि त्याच्या मुली, यहूदा आणि त्याची सून, खून करून बळकावलेला नाबोथाचा मळा. यांतलं काहीही "आदरणीय" नाही. पण लिहिणारा कसा लिहितो ते पाहा. तामारेच्या गोष्टीत त्या कृत्याला जेमतेम एक वाक्य आहे. त्याआधीचं तिचं विनवणं सविस्तर येतं, त्यानंतर अम्नोनाला तिचा आलेला तिटकारा येतो, तिचा फाडलेला पायघोळ झगा येतो, डोक्यावर घातलेली राख येते. लिहिणारा पापाकडे बघतो, पण चवीनं बघत नाही. त्याची नजर तामारेवर खिळलेली असते.

माझ्या हातात एखादी कादंबरी येते तेव्हा मी हेच शोधते. लेखक कुठे रेंगाळतो? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याजवळ, की अन्यायाच्या तपशिलाजवळ? खुनाची पाच पानं आणि मेलेल्याच्या आईला अर्धी ओळ, असं असेल तर त्या पुस्तकाला माणसाची किंमत कळलेली नाही.

मग नेमकी पारख कशी करायची? काही नियम आहेत का?

पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा. पारख म्हटलं की सोनार आठवतो. सोनार दागिना कसोटीवर घासून बघतो, नुसता रंग बघून परत पाठवत नाही. मुखपृष्ठ बघून, किंवा कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला इशारा वाचून पुस्तक बाद करणं ही पारख झाली नाही.

नियमांची यादी मी देत नाही. एकदा दिली होती, तर एका ताईंनी ती फ्रिजवर लावली आणि मुलाचं प्रत्येक पुस्तक तिच्याशी ताडून बघायला लागल्या. तो मुलगा आता पुस्तकं वाचतच नाही, दिवसभर मोबाइलवर रील बघतो. रीलसाठी ताईंनी कुठलीच यादी केलेली नाही.

मी स्वतःला काय विचारते ते सांगते. पुस्तक मिटल्यावर माझ्या घरातल्या माणसांकडे मी कशी बघते? माझी चीड वाढलीय की समज? या गोष्टीत कोणाला स्वस्त केलंय: बाईला, गरिबाला, खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाला? वाईटाला काही किंमत मोजावी लागते का? (हा शेवटचा प्रश्न जपून वापरावा. ७३ व्या स्तोत्रात आसाफाची तक्रारच ही आहे की दुष्ट लोक धडधाकट आणि सुखात आहेत. दुष्टाला शिक्षा झाली नाही म्हणून कादंबरी खोटी ठरत नाही.) आणि एक अगदी साधा प्रश्न: हे वाचताना कोणी खोलीत आलं तर मी पुस्तक पालथं घालते का?

"कुसंगतीने नीती बिघडते" असं वचनच आहे ना?

आहे, १ करिंथकरांस १५:३३. आमच्या लहानपणी कादंबरी हातात दिसली की हेच वचन ऐकायला मिळायचं. माझ्या एका शिक्षकांनी याच वचनाच्या आधारे माझं ग्रंथालयाचं पुस्तक महिनाभर कपाटात ठेवलं होतं. दंड मी भरला.

गंमत अशी की ती ओळ पौलाची नाही. ती ग्रीक नाटककार मेनांदरच्या नाटकातली समजली जाते, आणि मेनांदर विनोदी नाटकं लिहायचा: प्रेमप्रकरणं, हरवलेली मुलं, चतुर गुलाम. अथेन्समध्ये बोलताना पौल "तुमच्याच कवींपैकी कित्येकांनी म्हटलं आहे" असं म्हणून अराटस या कवीची ओळ देतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८). तीताला लिहिताना क्रेतातल्या एका कवीचं वाक्य येतं. म्हणजे पौलानं ही पुस्तकं वाचली होती किंवा निदान ऐकून पाठ केली होती, आणि योग्य वेळी ती त्याच्या कामाला आली. संगतीबद्दलचा इशारा खराच आहे. फक्त तो इशारा आपल्यापर्यंत एका नाटकातून आला, एवढं लक्षात ठेवावं.

मुलगी हॅरी पॉटर वाचते. जादू आहे, चेटूक आहे. इफिसकरांनी तर अशी पुस्तकं जाळली होती.

प्रेषितांची कृत्ये १९:१९ नीट वाचा. ज्यांनी पुस्तकं जाळली ते स्वतः जादूटोणा करणारे होते, ती त्यांच्या धंद्याची पुस्तकं होती, मंत्र आणि तोडगे असलेली. किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. त्यांनी स्वतःची पुस्तकं स्वतःच्या हातानं जाळली. शेजाऱ्याच्या घरात घुसून कोणाची गोष्टीची पोथी ओढून आणली नाही. मंत्राचं पुस्तक आणि चेटकिणीची गोष्ट यांत फरक आहे. नसता, तर एन्दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईची गोष्ट शमुवेलाच्या पुस्तकात आली नसती.

आणि ज्या आया सी. एस. लुईसच्या नार्नियाच्या गोष्टी बिनधास्त आणून देतात, त्यांना मी आठवण करून देते की त्यातही चेटकीण आहे, जादू आहे, बोलणारे प्राणी आहेत. मग फरक कशावरून केला? लेखक ख्रिस्ती म्हणून ओळखला जातो, एवढ्यावरून? हॅरी पॉटरच्या सातव्या भागात हॅरी आईवडिलांच्या थडग्यापाशी उभा असतो, आणि त्या दगडावर कोरलेली ओळ १ करिंथकरांस १५:२६ ची आहे: शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. मुलगी तिथवर पोहोचली की तिला विचारा, ही ओळ कुठली? माझ्या वर्गातल्या एका पोरीनं तो संदर्भ माझ्याआधी शोधून काढला होता.

तरीही मूल रात्री घाबरून उठत असेल, किंवा त्याला खरोखरच मंत्रतंत्राचं वेड लागत असेल, तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा. त्या मुलापुरता तोच निर्णय बरोबर.

महाभारतावरच्या, देवदेवतांवरच्या मराठी कादंबऱ्या वाचाव्यात का?

हा प्रश्न आपल्या मातीतला. परदेशात छापलेल्या मार्गदर्शक पुस्तिका याबाबत काही उपयोगाच्या नाहीत.

आपल्याकडे तो चारशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये छापून निघालं. त्याच्या सुरुवातीला एक श्रोता पाद्रीला जे म्हणतो त्याचा आशय असा: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला मराठीत काही नवं का देत नाही? मला तो श्रोता फार जवळचा वाटतो. लोकांना गोष्ट लागते. काढून घ्याल तर पोकळी राहते. स्टीफन्सनी ती पोकळी सुमारे अकरा हजार ओव्यांनी भरली आणि त्यासाठी घाट घेतला तो पुराणाचाच.

आता आजचं. करिंथच्या मंडळीत मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाचा वाद होता. पौलाचं म्हणणं (१ करिंथकरांस ८) असं की मूर्ती काहीच नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याला खाण्यानं काही होत नाही. पण जो कालपर्यंत त्याच देवळात जात होता त्याचं मन ठेचाळत असेल, तर त्याच्यासमोर खाऊ नये. हेच पुस्तकाला लावा. ज्याच्या घरात पाच पिढ्या ख्रिस्ती आहेत, त्याला कर्णाची कादंबरी ही साहित्यकृती आहे, उपासना नाही. ज्याचा बाप्तिस्मा मागच्या ईस्टरला झाला आणि ज्याच्या घरातून अजून त्यावरून भांडणं चालू आहेत, त्याला ती वाढदिवसाला भेट देऊ नये. तो स्वतः म्हणाला की मला हे नको, तर त्याला मागासलेला म्हणू नये.

आणि मराठी बोलणाऱ्यानं रामायण-महाभारत अजिबात ओळखू नये असं म्हणणं व्यवहारातच बसत नाही. शकुनीमामा, कुंभकर्णाची झोप, द्रौपदीची थाळी हे शब्द आपण प्रवचनातही वापरतो. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो आणि तो पूल मात्र पाडायला निघतो, हे मला पटत नाही.

दानिएलाचं उदाहरणही इथेच बसतं. बाबेलात त्यानं तिथल्या खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकून घेतली, त्यांनी ठेवलेलं परकं नाव चालवून घेतलं, पण राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. ग्रंथ घेतला, ताट सोडलं. रेषा प्रत्येकाची वेगळ्या जागी असू शकते, पण दानिएलाला ती कुठे आहे ते माहीत होतं.

फक्त ख्रिस्ती कादंबऱ्या वाचल्या तर प्रश्नच मिटेल ना?

मिटणार नाही, आणि मराठीत तेवढ्या आहेतही कुठे! तरी आपल्याला एक मान आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव बहुतेक ठिकाणी घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती माणसानं लिहिली. त्याच्या आदल्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत एकेका विधवेची कहाणी समोर येते, आणि पुढे यमुनेवरच ती वेळ येते. त्याआधी १८४१ मध्ये हरी केशवजींनी जॉन बन्यनच्या रूपकथेचं 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर केलं होतं. म्हणजे ज्या मंडळीत आज "कादंबरी नको" म्हणतात, तिच्याच पूर्वजांनी मराठीला कादंबरीची वाट दाखवली.

पण खरं सांगू? 'यमुनापर्यटन' वाचताना उपदेश सुरू झाला की माझं लक्ष उडतं, आणि केशवपनाला बसवलेली पोर समोर आली की पुन्हा पानात बुडते. पदमनजींच्या पुस्तकात जे टिकलंय ते त्या बायकांच्या कहाण्यांमुळे. नायक-नायिकेच्या तोंडी चार वचनं घातली की पुस्तक ख्रिस्ती होतं असं मानणारे आजही आहेत. सुतार ख्रिस्ती असला तरी खुर्ची डुगडुगत असेल तर ती डुगडुगतेच.

तरुण मुली मोबाइलवर प्रेमकथांच्या मालिका वाचतात. बंदी घालावी का?

बंदी घालता येत नाही, फोन त्यांच्या उशाशी असतो. पण काळजी योग्य आहे, आणि ती चुंबनाच्या प्रसंगांपुरती ठेवू नका. मी मुद्दाम अशा काही मालिका वाचल्या. मला जास्त खटकलं ते हे: नायक नायिकेला दंड धरून ओढतो, खोलीत कोंडतो, फोन तपासतो, आणि लेखिका त्याला "किती प्रेम करतो" म्हणते. आपल्या मंडळीतल्या दोन-तीन घरांत हेच चाललंय आणि तिथं कोणी त्याला प्रेम म्हणत नाही. मुलींशी यावर बोला. "घाण वाचू नको" म्हटलं तर त्या फक्त स्क्रीन फिरवतात. "हा माणूस तुझ्या बहिणीसाठी चालेल का?" असं विचारलं की त्या बोलायला लागतात.

शृंगाराबद्दल विचाराल, तर मत्तय ५:२८ मधला, वासनेनं बघणं हाही मनातला व्यभिचारच, हा इशारा पुरुषांइतकाच वाचणाऱ्या सगळ्यांना आहे. कशानं आपलं मन कुठे जातं हे ज्याचं त्याला माहीत असतं. तिथे स्वतःशी प्रामाणिक राहावं. शरीरच घाणेरडं, असं मात्र शिकवू नये. गीतरत्न पवित्र शास्त्रातच आहे.

मला कादंबरीवर रडू येतं, प्रार्थनेत येत नाही. माझं काही चुकतंय का?

चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनलाही हेच बोचत होतं. लहानपणी आपण व्हर्जिलच्या काव्यातल्या दिदो राणीच्या मरणावर रडलो आणि स्वतःचा जीव देवावाचून मरत होता त्यावर डोळा ओला झाला नाही, असं त्यानं आपल्या कबुलीजबाबात लिहिलंय. पवित्र शास्त्राचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमची गोष्ट आणखी तिखट: आजारात त्याला स्वप्न पडलं की न्यायासनापुढे "मी ख्रिस्ती" म्हणताच उत्तर आलं, तू सिसेरोचा आहेस. त्यानं घाबरून सिसेरोसारख्या रोमन लेखकांची पुस्तकं सोडायची शपथ घेतली. पुढच्या आयुष्यात त्याच्या लिखाणात सिसेरो आणि व्हर्जिल येतच राहिले आणि विरोधकांनी त्याला त्यावरून टोमणे मारले. मला हे दोघेही दिलासा देतात.

मनन आणि प्रार्थना उरलेल्या वेळात ढकलली जात असेल, तर कादंबरी सकाळी हातात घेऊ नका. बाकी रडू येतं ते येऊ द्या. कोरडं मन देवापुढे नेण्यापेक्षा पाझरलेलं नेणं सोपं.

आमचे पाळक (किंवा फादर) सरसकट मनाई करतात. काय करावं?

आदरानं विचारावं की कुठलं पुस्तक आणि का. कॅथलिक वाचकांसाठी सांगते: निषिद्ध पुस्तकांची अधिकृत यादी रोमनं १५५९ मध्ये काढली आणि १९६६ मध्ये ती रद्द झाली. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी साहित्यवाचनाच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्र लिहिलं. सुरुवातीला ते पुरोहितपदाच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. आणि त्याच्या चार वर्षं आधी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ही माहिती भांडायला वापरू नका. चहाला बोलवा आणि सहज सांगा.

पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?

चालतं. बासिल या चौथ्या शतकातल्या बिशपानं तरुणांना सांगितलं होतं की मधमाशी सगळ्याच फुलांवर जात नाही आणि ज्या फुलावर बसते ते सगळं उचलून नेत नाही. मी साठाव्या पानापर्यंत वाट बघते.

मंडळीत वाचनकट्टा सुरू करायचा आहे. कसा करावा?

आमच्याकडे सहा जणी येतात, परीक्षांच्या दिवसांत चार. पुस्तकाची प्रत बहुधा एकच असते, वाचनालयातून आणलेली, ती हातोहात फिरते. म्हणून एका पुस्तकाला दोन महिने धरा. सुरुवात प्रार्थनेनं करतो. प्रार्थनेतच पुस्तकावर निकाल द्यायचा नाही, हा आमचा एकमेव नियम. एकदा तसं झालं आणि नंतर बोलायला कोणाकडे काही उरलं नाही. पहिल्या बैठकीला कादंबरी घेऊ नका. लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला कोणीतरी मोठ्यानं वाचावा, आणि मग एवढंच विचारा की थोरला भाऊ शेवटी घरात गेला का. येशूनं ते सांगितलेलं नाही. आमच्याकडे त्यावर दीड तास गेला, दोघींची जवळपास भांडणं झाली, चहा दोनदा करावा लागला, आणि ठरवलेलं पुस्तक पिशवीतून बाहेरच निघालं नाही.